खड्ड्याच्या तळाशी उभ्या माणसाचा हिशेब अंदाजपत्रकात धरा

प्रति,
सांगली जिल्ह्यातल्या नगरपालिका, नगरपंचायती आणि मोठ्या ग्रामपंचायतींसाठी भुयारी गटाराची अंदाजपत्रकं तयार करणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सर्व अभियंते यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात ओळखीतला एक तरुण ठेकेदार टेंडरचे कागद घेऊन माझ्याकडं आला. दर भरण्याआधी एकदा नजर टाका म्हणाला. गाव कुठलं ते लिहीत नाही, कारण प्रश्न एका गावाचा नाही. तीनशे मीटरची लाइन, पाइप २०० मिमीचा, आणि मॅनहोलसाठी सगळी मिळून एकच ओळ होती : 'विटांचे गोल मॅनहोल, ९०० मिमी व्यास, सरासरी खोली १.५० मीटर, झाकणासह पूर्ण, नग ११.' त्या ओळीवरून माझी नजर हलेना. ही ओळ मी स्वतः लिहिलेली आहे. त्या गावासाठी नव्हे, पण शब्द हेच, आणि एकदा नव्हे, कितीतरी वेळा.

मी मिरजेचा. खासगी सल्लागार कचेरीत पाणीपुरवठा आणि ड्रेनेजच्या कामांची अंदाजपत्रकं लिहिण्यात माझी नोकरी गेली. हे पत्र मी उपदेश म्हणून लिहीत नाही. एका संध्याकाळचं ओझं आहे, ते आधी सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, वळवाचा एक पाऊस होऊन गेलेला. मी अंदाजपत्रक लिहिलेल्या एका कामावर सव्वादोन मीटर खोल खड्ड्यात दोघंजण तळाचं काँक्रीट ओढत होते. जमीन काळी. वरून सुकलेली, भेगाळलेली, आणि त्या भेगांतून पाणी आत मुरलेलं. पाच वाजता एका बाजूची सगळी भिंत सुटली. एकजण उडी मारून बाहेर आला. दुसरा छातीपर्यंत गाडला गेला. मशीन लावता येईना, कारण जे.सी.बी.चं वजन कडेला आलं असतं तर उरलेली बाजूही आत आली असती. लोकांनी घमेल्यांनी आणि हातांनी माती उपसली. दीड तास लागला. माणूस जिवंत निघाला, पण मांडीचं हाड मोडलं होतं आणि पुन्हा तो खोदाईच्या कामावर कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेलो आणि मुकादमावर ओरडलो. फळ्या का लावल्या नाहीत म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, फळ्या-बल्ल्यांचा पैसा तुमच्या कागदात कुठं हाय? दावा, उद्यापासनं लावतो." मी कागद उघडला. खोदाईच्या बाबीत 'आवश्यक तेथे शोअरिंगसह' (शोअरिंग म्हणजे बाजू ढासळू नये म्हणून फळ्या-बल्ल्यांचा आधार) एवढे तीन शब्द होते आणि दर साध्या खोदाईचा होता. ते तीन शब्द लिहून मी माझी जबाबदारी उतरवली होती आणि खर्च मात्र त्या खड्ड्यातल्या माणसावर टाकला होता.

तेव्हापासून मी मॅनहोलचा अंदाज नगावर लिहिणं सोडलं. तुम्हीही सोडावं, एवढंच मागणं आहे. का, ते आकड्यांनीच सांगतो, कारण आपली भाषा तीच आहे.

त्या तीनशे मीटरच्या लाइनीकडं पुन्हा या. सुरुवातीच्या घरांचं पाणी थोडं असतं. मैला वाहून जायचा तर उतार हवा. केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेचं, म्हणजे आपण ज्याला सी.पी.एच.ई.ई.ओ. मॅन्युअल म्हणतो त्याचं कोष्टक सेकंदाला २ लिटर प्रवाहाला हजारी ६, म्हणजे हजार मीटरला ६ मीटर, आणि ३ लिटरला हजारी ४ उतार सांगतं. मधला हजारी ५ धरा. सांगली-मिरजेकडची जमीन ताटासारखी सपाट. रस्ता जिथल्या तिथं राहतो आणि पाइप मात्र तीनशे मीटरमध्ये दीड मीटर खाली जातो. पहिलं मॅनहोल १ मीटर खोल असेल तर शेवटचं अडीच मीटर होणार. दर ३० मीटरला एक धरलं तर अकरा मॅनहोल होतात आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा १५ सेंटीमीटर खोल : १.००, १.१५, १.३०, असं करत २.५० पर्यंत. या अकरांत '१.५० मीटर खोल' असं एकही मॅनहोल नाही.

आता व्यास. मॅन्युअलप्रमाणे गोल मॅनहोल १.६५ मीटर खोलीपर्यंत ९०० मिमी, तिथून २.३० पर्यंत १२०० मिमी, आणि २.३० च्या पुढं ९ मीटरपर्यंत १५०० मिमी व्यासाचं हवं. म्हणजे आपल्या अकरांपैकी पाच ९०० चे, चार १२०० चे आणि शेवटचे दोन १५०० चे. २३ सेंटीमीटर जाडीच्या भिंतीचं वीटकाम काढलं तर दर मीटर उंचीला अनुक्रमे ०.८२, १.०३ आणि १.२५ घनमीटर येतं. झाकणाची चौकट आणि स्लॅब मिळून २५ सेंटीमीटर वजा करा, इन्व्हर्टच्या, म्हणजे पाइपाच्या आतल्या तळाच्या पातळीच्या, खाली १० सेंटीमीटर भिंत धरा, सगळ्यांची बेरीज करा : १७.९३ घनमीटर. टेंडरमधल्या त्या एका ओळीने हिशेब केला तर १२.१२ येतं. जवळजवळ एक तृतीयांश वीटकाम कागदावर नाहीच.

इथं सरासरीला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. लेव्हल घेऊन, म्हणजे जागेवर जमिनीची पातळी मोजून, खरी सरासरी काढली असती तर ती १.७५ मीटर आली असती, आणि ११ मॅनहोल १२०० व्यासाची धरली असती तर वीटकाम १८.१९ घनमीटर निघालं असतं. खऱ्या आकड्याच्या अगदी शेजारी. म्हणजे विटांच्या बेरजेपुरती सरासरी चालून जाते. चूक आहे ती 'नेहमीची' खोली मागच्या अंदाजपत्रकातून उचलण्यात. लेव्हल घेतलीच जात नाही. ऑटो लेव्हल कपाटात आणि मागच्या वर्षीची फाइल टेबलावर, हे मी माझ्या कचेरीत पाहिलंय, आणि त्या टेबलामागं मीच बसलेलो होतो. शिवाय खरी सरासरी धरली तरी ती खोल टोकाला उपयोगाची नाही, कारण तिथं धोका विटांचा नसतो, मातीचा असतो.

एक मॅनहोल घेऊन तपशिलात बघू. १२०० व्यास, रस्त्यापासून इन्व्हर्टपर्यंत २ मीटर. भिंत २३ सेंमी, म्हणजे बाहेरचा व्यास १.६६ मीटर. तळाचं काँक्रीट भिंतीच्या बाहेर सगळीकडून १५ सेंमी आणि जाडी २० सेंमी, म्हणजे व्यास १.९६ मीटर आणि घनफळ ०.६० घनमीटर. भिंतीची उंची १.८५ मीटर, वीटकाम १.९१ घनमीटर. घनमीटरला मॉड्युलर ५०० विटा धरल्या तर साडेनऊशे होतात, आणि गोलाईत अर्धुकं-पाऊण जास्त लागतात, तुटफूट वेगळी, म्हणून सरळ एक हजार धरा. नदीकाठच्या भट्टीची वीट आकाराने वेगळी असते. तिचं माप घेऊन संख्या बदला, पण 'अंदाजे' असं लिहू नका. आतला गिलावा ६.९७ चौरस मीटर, बाहेरचा ९.६५. एकास तीन मसाला, २० मिमी जाडी. बेंचिंगचं, म्हणजे आत तळाशी नालीकडं उतरत्या भरावाचं, काँक्रीट पाव घनमीटर. वरचा १५ सेंमी जाड आर.सी.सी. स्लॅब, मधल्या ५६० मिमी तोंडाची जागा वजा करून, ०.२९ घनमीटर, त्यात २५ ते ३० किलो सळई. हे सगळं मिळून सिमेंट पंधरा-सोळा पोती, वाळू अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), खडी एक तृतीयांश ब्रासच्या किंचित वर.

मालाची ही यादी कुणीही बरोबर काढतं. एखादं पोतं इकडं-तिकडं होईल, त्याने काम बिघडत नाही. बिघडतं ते यादीच्या बाहेर जे राहतं त्याने.

खोदाई बघा. खड्ड्याची खोली २ मीटर नाही. इन्व्हर्टखालचे १० सेंमी आणि तळाचे २० सेंमी धरून ती २.३० मीटर होते. कागदावर खोदाई बऱ्याचदा तळाच्या काँक्रीटच्या मापाने धरतात : १.९६ व्यासाचा गोल, गुणिले २.३०, म्हणजे ६.९४ घनमीटर. पण गोल खड्डा जे.सी.बी. खणत नाही, आणि त्या मापाच्या खड्ड्यात भिंत आणि माती यांच्यामध्ये १५ सेंटीमीटर उरतात. त्या १५ सेंटीमीटरमध्ये गवंड्याचा थापी धरलेला हात जात नाही, माणूस कुठून जाणार? मग ९.६५ चौरस मीटर बाहेरचा गिलावा कोण करतं? कुणीच नाही. एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात, तो लिहिला जातो, बिलात येतो आणि जमिनीत नसतो. मी यात कुणाला चोर म्हणत नाही. आपण कागदावर असा खड्डा काढला की ज्यात ते काम करताच येत नाही. चोरी पुढची, आधी ती आपल्या मापातच झालेली असते.

तळाच्या काँक्रीटच्या बाहेर सगळीकडून ३० सेंमी जागा सोडा. भिंतीपासून मातीपर्यंत ४५ सेंमी होतात आणि गवंडी आडवा उभा राहून काम करू शकतो. खड्डा २.५६ मीटर चौरस झाला. खोदाई १५.०७ घनमीटर, पाच ब्रासच्या वर. कागदातल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. त्यातही पहिल्या दीड मीटरची लिफ्ट (माती वर उचलण्याचा टप्पा) एका दराची आणि खालच्या ८० सेंटीमीटरची पुढच्या दराची, हे तुम्हाला माहीत आहे, पण 'नग' लिहिला की ही फोड दिसेनाशी होते.

आणि आता तो तीन शब्दांचा प्रश्न. खोदाईच्या सुरक्षिततेची भारतीय मानक संहिता मातीतल्या दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यायला सांगते. आपल्या अकरा खड्ड्यांपैकी नऊ दीड मीटरच्या पुढं जातात. आधार द्यायचा नसेल तर बाजू तिरक्या कापा. एकास एक उतार धरला तर या २.३० मीटर खोल खड्ड्याचं वरचं तोंड ७.१६ मीटर चौरस होतं आणि खोदाई ५८ घनमीटरवर जाते. गावातला रस्ता सहा मीटरचा, दोन्ही बाजूंना घरांचे कट्टे. ते होणं नाही. म्हणून फळ्या-बल्ल्या किंवा लोखंडी पत्रे लावणं हाच मार्ग उरतो. चारही बाजूंचं क्षेत्र २३.५५ चौरस मीटर येतं. हा आकडा स्वतंत्र बाब म्हणून लिहा : 'शोअरिंग, प्रत्यक्ष मोजमापाने, चौरस मीटर.' लावलं तर पैसे, नाही लावलं तर नाही, आणि न लावता माणूस खाली उतरवला तर काम बंद. दर कमी-जास्त होईल, पण निदान ठेकेदार 'कागदात कुठं हाय' असं विचारू शकणार नाही.

टेंडर अंदाजित रकमेच्या पंधरा-वीस टक्के खाली (बिलो) जातं तेव्हा काय होतं हेही आपण जाणतो. ठेकेदार विटा कमी करू शकत नाही, त्या दिसतात. झाकण बदलू शकत नाही, तेही दिसतं. जे जमिनीखाली आहे आणि ज्याची स्वतंत्र ओळ नाही, तिथंच तो हात आखडता घेतो : शोअरिंग, बाहेरचा गिलावा, पंप, बेंचिंग. म्हणून या चारही गोष्टींना स्वतःची ओळ, स्वतःचं परिमाण आणि स्वतःचा दर हवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत मॅनहोलच्या वाढीव खोलीची वेगळी बाब असते. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही.

आपला जिल्हा एका मापात बसणारा नाही, हे तर तुम्ही रोज फिरताना बघता. जतकडं फूटभर मातीखाली काळा पाषाण लागतो. तिथं शोअरिंगपेक्षा ब्रेकरचे तास जास्त लागतात. शिराळ्याकडं पाऊस दांडगा, डोंगरउताराची जमीन. तिथं रस्त्यालाच उतार असल्याने पाइप रस्त्याबरोबर जातो, खोली वाढत नाही, पण मुख्य लाइनीला मिळताना फरक ६० सेंटीमीटरच्या वर गेला की ड्रॉप मॅनहोल, म्हणजे पाणी उभ्या पाइपाने खाली सोडणारं मॅनहोल, लागतं आणि त्याचा उभा पाइप, बेंड, भोवतीचं काँक्रीट अंदाजात धरलेलं नसतं. आणि वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात खोल काळी जमीन, उसाचं पाणी आणि त्यातून झालेली क्षारपड. इथं जमिनीतलं पाणी विटेतून आत येतं आणि क्षार मसाला खातात. बाहेरचा गिलावा इथं शोभेचा नाही. तो नसेल तर पावसाळ्यात लाइनीत मैल्यापेक्षा जमिनीतलंच पाणी जास्त वाहतं आणि पंपाचं बिल गाव भरत राहतं. माती आणि पाण्याची तपासणी करून सिमेंट कुठलं घ्यायचं ते ठरवा. एका खड्ड्याची चाचणी साऱ्या लाइनीच्या दुरुस्तीपुढं काहीच नाही.

एकच डीटेल ड्रॉइंग जतला आणि पलूसला दोन्हीकडं लावलेलं मी पाहिलं आहे. कोपऱ्यातलं गावाचं नाव तेवढं बदललेलं.

काळ्या मातीबद्दल आणखी एक. निघालेली माती परत खड्ड्यात टाकून रस्ता केला की पहिल्या पावसात झाकणाभोवती गोल खळगा पडतो. काळी फुगते आणि आकसते, ठोकून बसत नाही. भरावाला मुरूमच हवा. वर हिशेब केलेल्या मॅनहोलला १५ घनमीटरच्या खड्ड्यात मॅनहोलनं व्यापलेली जागा पाच घनमीटर, उरलेली दहा म्हणजे साडेतीन ब्रास मुरूम, थराथरानं, पाणी मारून, ठोकून. आणि निघालेली सगळी माती फुगून सातेक ब्रास होते. ती कुठं टाकायची, किती लांब न्यायची, याची लीड अंदाजपत्रकात असते का? नसते, म्हणून ती शेजारच्या ओढ्यात जाते.

आता पाण्याचं. कृष्णाकाठच्या माणसाला पूर समजावून सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ ही वर्षंही विसरण्यासारखी नाहीत. पण पुराचा विचार आपण रस्त्यावरच्या पाण्यापुरता करतो. जमिनीखालचं पाणी वर आलं की रिकामं मॅनहोल होडीसारखं उचललं जातं. वर हिशेब केलेलं विटांचं मॅनहोल साधारण ४.९ टन पाणी बाजूला सारतं आणि त्याचं स्वतःचं वजन सव्वासात टनांच्या आसपास भरतं. ते जागेवर राहतं. आता त्याच मापाचं १० सेंटीमीटर भिंतीचं तयार आर.सी.सी. मॅनहोल घ्या, तळ भिंतीबरोबर कापलेला आणि १५ सेंटीमीटर जाडीचा. ते ३.३ टन पाणी सारतं आणि वजन जेमतेम ३.७ टन. फरक एवढासाच. बेंचिंग आणि स्लॅब व्हायच्या आधी पाणी आलं तर तोही उरत नाही. प्लास्टिकच्या चेंबरचं तर विचारूच नका.

याचा अर्थ तयार मॅनहोल नको असा नाही. उलट मला तीच हवीत. दोन तासांत बसतात, माणूस खड्ड्यात कमी वेळ राहतो, आणि माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा फायदा आहे. पण नदीकाठी तळाचं काँक्रीट बाहेर काढून घ्या, म्हणजे त्या कडेवरच्या मातीचं वजन मिळतं, आणि तरंगण्याचा हिशेब एका पानावर करून अंदाजपत्रकाला जोडा. तो मांडायला वीस मिनिटं लागतात.

झाकणाबद्दल थोडक्यात. काँक्रीटच्या झाकणांना २.५, १०, २० आणि ३५ टनांच्या श्रेणी आहेत. आपल्याकडं गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर बोळातूनही जातो. मग गल्ली म्हणून हलकं झाकण लिहायचं कसं? रस्त्यावर कुठंही २० टनांच्या खालचं लिहू नका. आणि पुढं रस्त्यावर डांबराचा नवा थर येणार, तेव्हा चौकट वर उचलण्याची बाब रस्त्याच्या अंदाजपत्रकात घाला. ती नसते म्हणून मॅनहोलं डांबराखाली गडप होतात आणि लाइन तुंबली की रस्ताभर पहारीनं ठोकत शोधावी लागतात.

आणि तुंबली की कोण उतरतं?

बेंचिंग म्हणजे पाव घनमीटर काँक्रीट आणि गवंड्याचा अर्धा दिवस. पाइपाच्या रेषेत अर्धगोल नाली, दोन्ही बाजूंनी तिच्याकडं उतरणारा घोटलेला उतार. ते नसलं तर मैला तळाशी पसरतो, साठतो, कुजतो. त्या कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो वास आधी येतो आणि मग येईनासा होतो, कारण नाकाची जाणीवच मरते. माणसाला वाटतं हवा बरी आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार साफ करायला माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूला १० लाख भरपाई सांगितली, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली. हे निकाल नोटीस बोर्डावर लावले जातात. पण माणूस उतरवायची वेळ येते ती आपण अंदाजपत्रकात बेंचिंग एका ओळीत गुंडाळतो तेव्हा, खोल मॅनहोलला ९०० व्यास लिहितो तेव्हा. ९०० च्या विहिरीत अडीच मीटर खाली एखादा बेशुद्ध पडला, तर त्याला दोरी बांधायला दुसऱ्याला वाकायला जागा नसते. १२०० आणि १५०० हे आकडे मॅन्युअलमध्ये उगाच आलेले नाहीत.

पायऱ्यांचंही तसंच. ३० सेंटीमीटर अंतराने, दोन रांगांत आलटून-पालटून, भिंतीबाहेर किमान १० सेंटीमीटर. बिडाच्या किंवा प्लास्टिक आवरणाच्या लिहा. साध्या सळईचा वाकवलेला तुकडा काही वर्षांत गंजून सुरीसारखा होतो, आणि पाय ठेवल्यावरच कळतं की तो आता धरत नाही.

दरांबद्दल मी मुद्दाम आकडे दिले नाहीत. चालू दरसूची तुमच्यासमोर आहे. फक्त दरसूचीत नसलेल्या बाबींचं दर पृथक्करण करताना गवंडी-बिगारी सपाट भिंतीचे धरू नका. गोल वीटकामात आणि खोल खड्ड्यात गवंड्याचं काम निम्म्यावर येतं, हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा. पंपाचे तास वेगळे धरा. नदीकाठी जून ते नोव्हेंबर काम करायचं असेल तर ते वाढवा, नाहीतर कामाचा कालावधीच उन्हाळ्यात ठेवा. वस्तू व सेवा कर, १ टक्का कामगार उपकर, गौण खनिजाचं स्वामित्वधन, चाचण्यांचा खर्च, हे तुम्ही घालताच. त्यांच्या रांगेत बॅरिकेड, रात्रीचे दिवे आणि शेजारच्या घरांचा आधार यांनाही जागा द्या.

रक्कम वाढेल. त्या टेंडरचं गणित मी त्या तरुण ठेकेदाराला नीट करून दिलं तेव्हा मॅनहोलचा आकडा कितीतरी वर गेला, आणि तो म्हणाला, "काका, या दरानं मला काम कोण देणार?" त्याच्याकडं उत्तर नव्हतं आणि माझ्याकडंही नव्हतं. ते तुमच्याकडं आहे. मंजूर रकमेत बसत नसेल तर लाइन तीनशेऐवजी अडीचशे मीटर करा आणि उरलेली पुढच्या वर्षी घ्या. वरिष्ठांनो, कनिष्ठाने प्रत्येक मॅनहोलची खोली, व्यास आणि जमिनीचा प्रकार लिहिलेला तक्ता आणला, तर रक्कम जास्त दिसते म्हणून तो परत करू नका. आणि तक्ता नसेल तर सही करू नका. अकरा ओळींचा तक्ता आहे. जी.एल. (जमिनीची पातळी), इन्व्हर्ट, खोली, व्यास, माती, पाणी लागतं का, झाकणाची श्रेणी. एवढ्या सात रकान्यांनी एक मॅनहोल पुरं होतं.

वीस वर्षांपूर्वी खड्ड्यातून निघालेला तो माणूस नंतर मला एकदा बसस्टँडवर भेटला. लंगडत होता. त्याने मला ओळखलं नाही. माझं नाव त्या कामाच्या कुठल्याही फलकावर नव्हतं, आणि अंदाजपत्रक कोण लिहितं हे खड्ड्यातल्या माणसाला माहीत नसतं. मी चहा घेता का विचारलं. त्याला गाडी पकडायची होती.

तुमच्यापैकी कुणाला लेव्हलचं काम सुरू करायचं असेल आणि हाताखाली माणूस नसेल, तर निरोप द्या. मिरजेपासून तास-दीड तासावरच्या कुठल्याही गावात सकाळी सातला येईन. गुडघे अजून धड आहेत, दिवसभर लेव्हलची मोजपट्टी, म्हणजे स्टाफ, धरून उभा राहतो.

आपला,
अंदाजपत्रकं लिहून निवृत्त झालेला
मिरजेचा एक रहिवासी